मेणाचे नाक

गेल्या वैशाखात आमच्या शहापूरच्या घरी पुतणीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, कशी दिसते?" चेहरा तिचाच होता, पण नाक सरळ आणि बारीक. शस्त्रक्रियेनंतर आपण कसे दिसू, याचे ते चित्र कृत्रिम बुद्धीने काढले होते. मला चटकन उत्तर सुचेना. आठवण झाली ती एका जुन्या हकीकतीची.

सन १७९२च्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४मध्ये ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली आणि १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिथे तशीच शस्त्रक्रिया केली.

त्या कारागिराची रीत पाहण्यासारखी आहे. उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून तो आधी नाक घडवी. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवी, भोवती रेघ आखी आणि तेवढीच कातडी, भुवयांमधला देठ राखून, खाली वळवी.

मेण हेही होऊ घातलेल्या नाकाचे चित्रच. मग यंत्राच्या चित्राने मी का अडखळावे? फरक मापात आहे. मेणाचे माप त्याच माणसाच्या चेहऱ्यावर घेतलेले होते. आजही तंबाखूच्या व्यसनापायी कर्करोगाने जबडा गमावलेल्या रुग्णाच्या शाबूत बाजूचे प्रतिबिंब घेऊन संगणक गेलेल्या बाजूचा आकार ठरवतो. आमच्या निपाणी भागाला या उपयोगाचे मोल सांगायला नको.

सौंदर्याचे माप मात्र यंत्र परक्या चेहऱ्यांवरून शिकते. सन २०१८मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअरे तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक १ टक्क्याहून कमी, तर सावळ्या स्त्रियांबाबत एका सॉफ्टवेअरची ३४ टक्क्यांहून अधिक. शिकवणीला चेहरे जसे घालावेत, तशी यंत्राची नजर तयार होते. त्या नजरेला आमच्या पुतणीचे नाक चुकीचे वाटले, तर दोष नाकाचा कसा?

हे सारे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "पण काका, यंत्राच्या आधी तुम्हीच मला नकटी म्हणत होता."

खरे होते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, ही म्हण मीच तिला लहानपणी हसत हसत ऐकवली होती. शेजारच्या कन्नड घरातली मूगुती असो की आमची नथ, ती कोणत्या नाकाला शोभते हे आम्ही मोठ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. यंत्राला हे कुणीतरी शिकवले, तसे पोरीला आम्ही शिकवले.

मी तिची क्षमा मागितली. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. चेहरा तिचा, जोखीमही तिची. मी 'नको' म्हणणार नाही. डॉक्टरांना एवढेच विचार म्हटले : हे चित्र म्हणजे वचन आहे का, आणि माझा फोटो पुढे कोणाकडे राहणार?

आणि माप कोणाचे, हा तिसरा प्रश्न. तो डॉक्टरांना विचारण्याआधी आम्ही घरातल्यांनी स्वतःला विचारायचा होता.