वक्तृत्वाचा कर्ता कोण?

सभेपुढे उभे राहिल्यावर अनेकांच्या घशाला कोरड पडते. विषयाची तयारी असलेल्यांचीही यातून सुटका नसते, कारण त्या क्षणी मनात विषयापेक्षा ‘मी’च अधिक जागा अडवून बसलेला असतो : मी चुकलो तर, मला हसले तर. म्हणून वक्त्याच्या आत्मविश्वासाचा प्रश्न सरावाइतकाच कर्तेपणाचाही आहे. बोलणारा खरा कोण, याचा विचार त्यात अटळ ठरतो.

या प्रश्नाचे एक विलक्षण उदाहरण बडोद्याच्या इतिहासात आहे. अरविंद घोष १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले आणि १९०६ पर्यंत बडोद्यात राहिले. बडोदा कॉलेजात त्यांनी फ्रेंच व इंग्रजी शिकवले, महाराजांसाठी पत्रांचे आणि भाषणांचे मसुदे केले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. त्यानंतर ते पुन्हा बडोद्याला आले, तेव्हा त्यांची गाठ विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्यांशी पडली. दोघे एका घरात तीन दिवस एकांतात बसले. मनात येणारा विचार बाहेरून येतो; तो आत शिरण्यापूर्वीच परतवावा, असे लेल्यांनी सांगितले. अरविंदांचे मन संपूर्ण निःशब्द झाले.

पुढे मुंबईत भाषण ठरले होते आणि मनात तर एकही विचार उमटत नव्हता. लेल्यांनी उपाय सांगितला : श्रोत्यांना नमस्कार करावा आणि थांबावे, शब्द आपोआप येतील. १९ जानेवारी १९०८ रोजी अरविंद सभेपुढे तसेच उभे राहिले आणि बोलू लागले. नंतर नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर येथेही त्यांची भाषणे झाली.

लेल्यांच्या उपायातील नमस्कार मराठी परंपरेला नवा नाही. समर्थांच्या दासबोधात पहिल्याच दशकात श्रोत्यांचे आणि सभेचे स्तवन स्वतंत्र समासांत येते. कीर्तनकार नारदाच्या गादीला वंदन करूनच उभा राहतो. गादी नारदाची म्हटली की तेथे उभा असणारा केवळ सेवेकरी ठरतो, आणि स्वतःला मिरवण्याचे ओझे त्याच्या डोक्यावरून उतरते. नमस्काराने श्रोताही परीक्षक न राहता पूज्य होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शब्द आपोआप येणार असतील तर अभ्यास कशाला? आणि अशा बोलण्याची जबाबदारी कोणाची? गीतेच्या सतराव्या अध्यायात याचे उत्तर सापडते. वाणीचे तप सांगताना तेथे बोलणे उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे असे म्हटले आहे, आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यासही सांगितला आहे. अरविंदांच्या मौनामागेही बडोद्यातील तेरा वर्षांचे वाचन, अध्यापन आणि लेखन होते. अहंकार सोडला म्हणून अभ्यास सुटत नाही, आणि प्रेरणा कोठूनही आली तरी सत्य व हित पाहण्याचे दायित्व वक्त्याकडेच राहते.

तेव्हा वक्तृत्व शिकणाऱ्याने भाषणापूर्वी कसून अभ्यास करावा आणि सभेपुढे गेल्यावर स्वतःला विसरावे. अभ्यासावाचून आलेले धैर्य पोकळ असते आणि नम्रतेवाचून केलेला अभ्यास व्यासपीठावर ऐनवेळी दगा देतो.