योजनांचे आयुष्य

शाळा सुटल्यापासून पहिला पगार हाती पडेपर्यंतचा काळ आपल्याकडे नेहमीच बेवारस राहिलेला आहे. शिक्षण खात्याची जबाबदारी निकालपत्राबरोबर संपते, कामगार खात्याची हजेरीपटावर नाव चढल्यावर सुरू होते, आणि या दोन दप्तरांच्या मध्ये सापडलेल्या मुलामुलींसाठी अधूनमधून एखादी नवी योजना मोठ्या समारंभाने जन्मास येते. योजनांची टंचाई आपणांस कधी जाणवली नाही. त्या दीर्घायुषी का होत नाहीत, याचा विचार मात्र क्वचितच झाला. माझ्या मते त्याचे बरेचसे उत्तर, उद्घाटनाच्या दिवशी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाच्या नेमणुकीत सापडते. तो माणूस म्हणजे निदेशक.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या फिटरच्या कार्यशाळेत पहिल्या काही आठवड्यांत काय चालते, ते पाहण्यासारखे असते. व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडी तुकडा मुलगा कानशीने घासतो, गुण्या लावून उजेडाकडे धरतो, मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासतो. आणि आपल्या मते काम साधले असे वाटून तो तुकडा निदेशकापुढे ठेवतो, तेव्हा निदेशक तो मुकाट्याने परत करून, मुलाचे कोपर धरून, कानस कोणत्या पातळीत चालली पाहिजे ते त्याच्या हातालाच समजावून देतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत उतरत नाही. ते देणाऱ्याची जागा रिक्त असेल, किंवा तासिका तत्त्वावर आलेला माणूस पुढील सत्रास राहील याची त्याला स्वतःलाच खात्री नसेल, तर नवीन लेथ आणि रंगविलेली शेड यांचा उपयोग तपासणीस आलेल्या साहेबांस दाखविण्यापलीकडे फारसा होत नाही. परंतु यंत्रे अनावर्ती खर्चात बसतात म्हणून मंजूर होतात, आणि वेतन दरसाल द्यावे लागते म्हणून त्यावर वित्त विभागाची हरकत येते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत, आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत, व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचा संकल्प सोडला होता. १९९२ साली धोरणाची फेरतपासणी झाली तेव्हा टक्के कायम ठेवून फक्त साले पाच-पाच वर्षांनी पुढे सरकविण्यात आली. ध्येयास मुदतवाढ देण्याची ही कला आपल्या कारभारास चांगली अवगत आहे.

खर्चाचा प्रश्न नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींनी मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या श्रमातूनच शाळेचा खर्च निघावा असा त्यांचा आग्रह होता, तर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने, उत्पन्नावरच दृष्टी खिळली तर शिक्षणाचा बळी जाईल, अशी धोक्याची सूचना त्याच वेळी देऊन ठेवली. या दोन टोकांमधील वाट पुणे जिल्ह्यातील पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून विज्ञान आश्रमात चोखाळली. तेथील मुले वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन शिकताना गावाची खरी कामे करतात. आणि याच धर्तीवर माध्यमिक शाळांत आठवड्यातून एक दिवस चालणाऱ्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात निदेशक म्हणून शक्यतो गावातलाच कारागीर मानधनावर घेतला जातो. स्वतःचे दुकान त्याच गावात असल्यामुळे तो बदलीवर जात नाही, ही बाब मला अभ्यासक्रमाच्या मसुद्याहून महत्त्वाची वाटते. अर्थात त्याचे तुटपुंजे मानधनही कोणी तरी दरमहा दिले पाहिजे, आणि देणगीदारांचा उत्साह साधारणतः तीन वर्षांत ओसरतो.

जर्मनीत ही दरमहाची जबाबदारी मुख्यतः मालकावर आहे. तेथे शिकाऊ उमेदवार कारखान्याशी करार करतो, विद्यावेतन तेथूनच घेतो, आठवड्यातील एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो आणि त्याची परीक्षा उद्योग-व्यापार मंडळे घेतात. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. पण उमेदवाराकडे स्वस्त मजूर म्हणून पाहणारा कारखानदार त्याच्या हातून झाडलोट करून घेतो आणि कायद्याची अंमलबजावणी कागदावर पूर्ण होते.

२०२४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन सहा महिने मिळावयाचे होते. पुढे त्यात पाच महिन्यांची भर पडली. अकरा महिन्यांनंतर काय, या प्रश्नावर प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले. आपल्या अहवालांत प्रवेश घेतलेल्यांची आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांची गणती असते. रात्रपाळी, खोलीभाडे आणि फोरमनची बोलणी यांना कंटाळून दुसऱ्याच महिन्यात गावी परतलेल्या मुलाकडे जाऊन चौकशी करणे हे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नसते. ते निदेशकाच्या कर्तव्यसूचीत घालावे, त्यासाठी त्यास प्रवासभत्ता द्यावा, आणि यापुढे कोणत्याही नव्या योजनेचा प्रस्ताव इमारत व यंत्रे यांच्या रकमेशेजारी निदेशकाच्या दहा वर्षांच्या वेतनाची तरतूद दाखविल्याशिवाय स्वीकारू नये. वित्त विभाग त्यावर हरकत घेईल हे उघड आहे. पण ती निदान भूमिपूजनापूर्वी येईल.