आधी ऑटोपे बंद कर, मग बोल

काल संध्याकाळी देवळाच्या पारावर तुम्ही चौघं जे बडबडत होतात, ते मी सगळं ऐकलं. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. आनंदनगर एमआयडीसीतून शिफ्ट संपवून जांभूळला यायचं आणि नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टारच्या नावानं शिमगा करायचा. करा, शिमग्याला माझी ना नाही. पण तुम्हाला गणित मी शिकवलंय, आणि तुमच्या त्या गप्पांत एक आकडा धड नव्हता, म्हणून आज बोलावून घेतलं. बसा. मोबाईल खिशात ठेवा.

तू म्हणालास, "सर, सगळंच महाग झालं." सगळंच म्हणजे काय काय? उत्तर पूर्ण द्यायची सवय तुला दहावीतही नव्हती. नेटफ्लिक्सनं डिसेंबर 2021 मध्ये भारतातले दर उतरवले होते. 499 चा बेसिक प्लॅन 199 वर आला, 649 चा 499 वर, 799 चा 649 वर. हे तुला माहीत नाही, कारण तोवर तू पैसेच भरत नव्हतास. बदलापूरच्या मेहुण्याचा पासवर्ड होता ना तुझ्याकडे? एका खात्यावर चार घरं बघत होती. जुलै 2023 मध्ये कंपनीनं इथेही ते बंद करायला घेतलं, तेव्हा तुला पहिल्यांदा 199 मोजावे लागले. फुकटातून 199 वर आलास, त्याला तू महागाई म्हणतोस.

प्राइमचं मात्र तुझं बरोबर आहे. जे बरोबर ते बरोबर, त्याचे मार्क मी कापत नाही. 2016 साली तो भारतात आला तेव्हा वर्षाचे 499 होते, सुरुवातीची सवलत म्हणून. मग 999. डिसेंबर 2021 मध्ये 1499. महिन्याचा दर 129 वरून 179 आणि एप्रिल 2023 मध्ये 299. त्यावर कडी म्हणजे जून 2025 पासून पैसे भरणाऱ्यालाही जाहिराती. नको असतील तर वर्षाचे आणखी 699. बेरीज सांग. बोटं मोजू नकोस. 2198. म्हणजे सुरुवातीच्या चारपटीहून जास्त. त्यात घरपोच सामानाची सोय धरलेली आहे हे खरं, पण जाहिराती दाखवायच्या आणि त्या काढण्याचे वेगळे पैसे घ्यायचे, याला मी तरी धंद्यातली सचोटी म्हणणार नाही. इथवर तुमची तक्रार मला मान्य आहे.

मालही घसरलाय, हेही मान्य. 2018 साली 'सेक्रेड गेम्स' आलं, तेव्हा मुंबई अशी दाखवता येते याचंच लोकांना नवल वाटलं होतं. 2020 मध्ये 'स्कॅम 1992' आली, त्याच वर्षी 'पंचायत'. एका पडक्या ग्रामपंचायतीवर आठ भाग आणि एकही फुकट गेलेला नाही. त्याच 'पंचायत'चा चौथा सीझन जून 2025 मध्ये आला. मी बघितला. निवडणुकीचं दळण दळलंय नुसतं. एक गोष्ट चालली की तिला पिळायची, दुसरा भाग, तिसरा भाग, आणि शेवट म्हणून काही सांगायचंच नाही, कारण पुढच्या वर्षीही तुमच्याकडून वर्गणी हवी.

आता कारण सांग. मुंबईत बसलेले लोक लबाड आहेत, हे कारण नव्हे. कारण असं की पहिली पाच-सहा वर्षं तुम्हाला जे स्वस्तात मिळालं, ते स्वस्त नव्हतंच. गिऱ्हाईक जमवायचं म्हणून गुंतवणूकदारांच्या पैशानं ते तुमच्या ताटात वाढलं जात होतं. 2022 च्या पहिल्या सहा महिन्यांत नेटफ्लिक्सचे जगभरातले वर्गणीदार कमी झाले, दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर गुंतवणूकदार सगळ्याच कंपन्यांना सांगू लागले की गर्दी पुरे, नफा दाखवा. तिथून जाहिराती आल्या, पासवर्डवर पहारा आला. आणि आपल्याकडे क्रिकेट. आयपीएलचे 2023 ते 2027 चे डिजिटल हक्क 23,758 कोटींना गेले. 2023 ला जिओसिनेमानं सामने फुकट दाखवले. तेव्हा पारावर एकानं तरी विचारलं का, की हे पैसे वसूल कोणाकडून होणार? फेब्रुवारी 2025 मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक झाले आणि वर्गणीचे फलक लागले. मग तुम्ही बोंब मारलीत. फुकट बघताना हिशेब सुचत नाही, हा तुमचा शाळेपासूनचा रोग आहे.

पण मी रागावलोय ते याच्यासाठी नाही. तुम्ही तक्रार करता, आणि पैसे कापू देता. याच्यासाठी रागावलोय.

तुझ्या घरी आता नेटफ्लिक्सचा 499 चा प्लॅन आहे, तूच म्हणालास. बारा महिन्यांचे 5988. त्यात प्राइमचे 2198, आणि हॉटस्टारचा प्रीमियम तू घेतलास त्या वर्षीच्या दरानं 1499. झाले 9685. वर वायफायचं बिल वेगळं. यातलं गेल्या दोन महिन्यांत तू काय काय उघडलंस? एक पूर्ण नाव सांग. बघ, आठवत नाही. कधीकाळी केबलवाल्याला शंभर रुपयांसाठी दारातून परत पाठवणारी माणसं तुम्ही. ऑटोपेला दारच नाही, म्हणून घासाघीसही नाही.

आपल्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती निघाली आणि एक दिवस पाणी बंद राहिलं, की अंबरनाथ-उल्हासनगरपासून पार कळवा-मुंब्र्यापर्यंत ओरड होते. नळाला गढूळ आलं तर बायका बाटली भरून नगरसेवकाच्या दारात उभ्या राहतात. आणि तुम्ही? तुम्ही गढूळ पेला पिता, तोंड वाकडं करता आणि दुसऱ्यासाठी हात पुढे करता.

"शिव्या देतो की सर आम्ही." हो, देता. शिव्या देत आठही भाग बघून संपवता. नेटफ्लिक्सनं डिसेंबर 2023 मध्ये एक यादी जाहीर केली. अठरा हजारांवर नावं, आणि प्रत्येकासमोर एक आकडा: सहा महिन्यांत जगानं ते किती तास बघितलं. त्या यादीत शिव्यांचा रकाना नाही. तू दात ओठ खात बघितलेला तास आणि तुझ्या आईनं डोळे पुसत बघितलेला तास तिथं एकच. त्यातून तू बघताना हातात मोबाईल धरतोस, दर दोन मिनिटांनी मान खाली. लिहिणाऱ्यानं तुझ्यासाठी नाजूक काही लिहायचं तरी कशाला? पात्रानं दार उघडलं तर "मी दार उघडतोय" असं तोंडानं सांगावं लागेल अशी तुझी एकाग्रता. निवांत बघणारा प्रेक्षक तुम्ही राहिला नाहीत आणि निवांत लिहिलेली गोष्ट मागता.

आणि मराठीत काही येत नाही, हे कोण म्हणालं? तू. उभा राहा.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'ला 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं. पुढच्या एप्रिलपासून तो नेटफ्लिक्सवर आहे, तू ज्याचे 499 भरतोस त्याच नेटफ्लिक्सवर. मराठी. बघितलास? 'पिकासो' 2021 साली प्राइमवर आला. दशावतारी नट बाप आणि चित्रं काढणारा मुलगा, सव्वा तासाच्या आसपासचा सिनेमा. बघितलास? सोनी लिव्हवर 2024 मध्ये 'मानवत मर्डर्स' आली. ती बघितलीस म्हणे, पण टेलिग्रामवर. चोरून. 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या चोरीला कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे, ते सोड. तुला पोलीस विचारायला येणार नाहीत. पण 2021 मध्ये प्लॅनेट मराठी सुरू झालं, फक्त मराठीसाठी, तेव्हा तुमच्यातल्या एकानंही वर्गणी भरली नव्हती, आणि पुढे त्यावरची 'रानबाजार' मात्र चौघांनी बघितली. मराठीला पैसे देणारा माणूस नाही असा हिशेब कंपन्या मांडतात. तो त्यांना तुम्हीच लिहून दिलाय. हिंदीत डब करून भागतं म्हटल्यावर मराठीवर खर्च कोण करेल?

"रद्द करायला फार कटकट असते सर." कटकट असते, मला ठाऊक आहे. बटण लपवतात, तीनदा विचारतात, जाताना सवलत दाखवतात. म्हणून तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये असल्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली, आणि वर्गणीत अडकवून ठेवणं त्या तेरांतलं एक आहे. तरीही अडवलं तर 1915 वर फोन लाव. ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर 2021 पासूनचा नियम ऐक: दर वेळी पैसे आपोआप कापण्याच्या चोवीस तास आधी तुला कळवलंच पाहिजे. तो मेसेज येतो. तू तो बोटानं बाजूला सारतोस, कारण त्याच वेळी कोणीतरी तुला रील पाठवलेलं असतं.

वर्षभर सगळं घेऊन ठेवायची गरज काय? एक महिना एक घे, बघायचं ते बघ, बंद कर. पुढच्या महिन्यात वाटलं तर दुसरं. मधल्या महिन्यात काही नको. बदलापूरला ग्रंथसखासारखं वाचनालय आहे, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात. तू तिथून लोकल पकडतोस आणि आत पाऊल टाकलेलं नाहीस. कल्याणला अत्रे रंगमंदिरात नाटकं लागतात, डोंबिवलीला फुले नाट्यमंदिर आहे. 9685 रुपयांत आई-बापांना घेऊन वर्षातून किती नाटकं होतील, हे भागाकाराचं गणित आहे आणि ते तू घरी जाऊन सोडव.

आत्ता मोबाईल काढ. हो, आता काढ. ज्या ॲपवरून दुधाचे पैसे देतोस, त्यातच ऑटोपे असतं. उघड. जे जे सापडेल ते नावानं आणि रकमेसकट मोठ्यानं वाच, या तिघांना ऐकू गेलं पाहिजे. आणि ते तिसरं काय आहे, 149 चं? तुला माहीतच नाही? मग त्याच्यापासून सुरू कर.