विचारलं म्हणून राखलं

जालना तालुक्यातल्या एका गावाला मोठा माळ होता. पाणलोटाच्या कामावर आलेल्या तरुण अधिकाऱ्यानं उतारावर समतल चर खोदून घेतले, रोपं लावली आणि माळाच्या तोंडाशी पाटी ठोकली : ‘चराईबंदी’. ग्रामसभेत ठरावही झाला. साहेब समोर बसलेले, तेव्हा हात सगळ्यांनीच वर केले.

दिवसा पाटीचा मान राहिला. रात्री शेळ्या आत शिरू लागल्या. राखणदार नेमला, तर तो गावचाच. त्याचा डोळा नेमका वेळेवर लागायचा. दिवाळीपर्यंत निम्मी रोपं शेंड्यापासून खुडली गेली.

अधिकाऱ्यानं एका ज्येष्ठ सहकाऱ्यापाशी गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, “कडवंची गावात १९९६ साली इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम सुरू झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं ते हाती घेतलं होतं. त्या कार्यक्रमाची रीतच अशी, की आराखडा कचेरीत नाही, ज्याच्या त्याच्या गटात जाऊन, शेतकऱ्याला बांधावर उभं करून ठरवायचा. २०१२च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. तुम्ही माळावर कुणाला सोबत घेऊन फिरलात?”

दुसऱ्या दिवशी अधिकारी एका म्हाताऱ्या धनगराच्या दारात गेला. “आबा, जरा माळ दाखवता का?”

आबा चालता चालता उकिडवे बसले. गवताचं एक ताट त्यांनी ओढून हातात दिलं. “ही कुसळी. कोवळी असली की मेंढरं आवडीनं खातात. एकदा कुसळं धरली की तोंडात रुततात, लोकरीतून कातड्यात शिरतात. हिला आधीच चारून मोकळं व्हायचं. अन् हा पवन्या. याचं बी पिकून झडू द्यायचं, मगच विळा लावायचा. तुम्ही दोघांना एकच पाटी लावली. कुसळी निबर झाली अन् शेळी रोपाकडं वळली.”

“मग ग्रामसभेत का नाही बोललात?”

“तुम्ही सह्या मागितल्या, साहेब. विचारलं कुठं?”

त्या दिवशी आबांनी चारचौघांसमोर काठीनं मातीवर माळाचे तीन वाटे पाडले. कुठला कधी उघडायचा, कुठला कधी कापायचा, ओल कुठं टिकते, रोपं कुठं धरतील, सगळं ठरलं. पाटी निघाली.

पुढच्या पावसाळ्यात बंद वाट्यात शेळ्या शिरल्या. आबांनी त्या हाकलून काढल्या. शेळ्या त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या होत्या.

अधिकारी म्हणाला, “आबा, राखणदाराचा पगार तुम्हालाच लावू का?”

“नको. पगाराच्या राखणदाराला झोप लागते. हे वाटे मी पाडलेत. चारचौघांत मी शब्द दिलाय.”

तात्पर्य : लोकांच्या सह्या घेतल्या तर ठराव मिळतो, त्यांची जाण घेतली तर राखणदार मिळतो.