फळ हाताला लागावे म्हणून



अनुवादाच्या २० व्या अध्यायातील १९ वे वचन सांगते की, शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये. युद्धात जे वर्ज्य, ते आपल्या अंगणात कसे चालेल? हाच प्रश्न आमच्या सिनेगॉगच्या मंडळींपुढे आला.

अंगणात तुतीचे जुने झाड आहे. २०२१-२२ हे शमिता वर्ष, तेव्हा छाटणी वर्ज्य होती. पुढे नडला तो आमचा आळस. झाड छपराच्या वर गेले. एका बाजूस भिंत, म्हणून सारा भार रस्त्याकडे कलला. फळे शेंड्याला, ती पाखरांना मिळत, मुलांना नाही. कोणी म्हणाले, मुळासकट काढा. कोणी म्हणाले, शेंडा सपाट कापा.

मोशाव्हात फळबागा सांभाळलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोघांनाही थांबविले. ते म्हणाले, "शेंडा मधेच तोडला तर तेथून काठ्यांसारखे कोंब उठतात. उंची परत येते, आणि ते कोंब वाऱ्यात निखळतात. उंच फांदी कापावी ती खालच्या जिवंत उपफांदीपाशी. ती निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे पुढचा कारभार ती सांभाळील. एका वर्षी पाव भागाहून अधिक काढू नका. जड बाजू हलकी करा, दुबळीला राहू द्या."

तीन हिवाळे, पाने गळाल्यावर, हे काम चालले. झाड खाली आले, सावरले. पुढच्या हंगामात मुलांनी हात वर करून तुती तोडल्या. सदरे जांभळे झाले, पण कोणी रागावले नाही.

आता आपल्याकडे पाहू. आम्ही वृद्ध मंडळी या समाजाचे शेंडे. कमिटीत आम्ही, व्यासपीठावर आम्ही, आणि बोलतो अशा मराठीत की येथे जन्मलेल्या नातवंडांच्या हाताला ते फळ लागत नाही. वर पुन्हा आम्हीच कुरकुरतो की मुले येत नाहीत! आम्ही जन्मभर शिक्षक. खडू दुसऱ्याच्या हाती देणे आम्हांस कधी जमले नाही, हे कबूल करतो.

मराठी सोडा, असे आमचे म्हणणे नाही. ते मुळासकट काढणे झाले. पण जवळची जिवंत फांदी पाहून तिला जागा द्यावी. येत्या तू बिश्वातला एलियाहू हन्नबीच्या मलिद्याचा अर्थ एखाद्या तरुणाने वा तरुणीने सांगावा, मराठीत आणि हिब्रूत. आम्ही शेजारी बसू. अडले तर हळूच सांगू.

वेळेवर खाली येण्याची बुद्धी देव आम्हांस देवो. आमेन.