गंज आणि तिस्साचं चीवर

आजचं वाचन धम्मपदातल्या मलवग्गातलं, गाथा २४० आणि २४१.

२४० चा आशय साधारण असा: लोखंडातून निघालेला गंज लोखंडालाच खातो, तशी मर्यादा सोडून वागणाऱ्याला त्याचीच कर्मं दुर्गतीला नेतात. अट्ठकथेत यामागे एक गोष्ट आहे. तिस्स नावाच्या भिक्षूला जाडंभरडं कापड मिळालं. बहिणीने ते पुन्हा कातून-विणून तलम केलं आणि त्याचं चीवर शिवून झालं. उद्या नेसू म्हणून त्याने ते दांडीवर टाकलं आणि त्याच रात्री तो वारला. मन चीवरात अडकलेलं, म्हणून त्याच चीवरात ऊ होऊन जन्मला. बाकीचे भिक्षू चीवर वाटून घ्यायला आले, तर ऊ "माझं लुटतायत!" म्हणून धावत सुटली. बुद्धांनी त्यांना सात दिवस थांबायला लावलं.

खरं सांगू? मला ही गोष्ट आधी जरा अन्यायाचीच वाटली. तिस्साने केलं काय? चोरी केली नाही, खोटं बोलला नाही. एक छान वस्तू उद्यासाठी ठेवली, एवढंच. नुसतं ठेवून देण्यात पाप कसलं?

आमच्या माळ्यावर आजोबांची सुतारकामाची पेटी आहे. रंधा, तीन पटाश्या, करवत, गिरमिट. खंडेनवमीला ती खाली येते, पूजा होते, दसरा झाला की परत वर. आमच्या सोसायटीत फर्निचरचं काम करणारा एक दादा येतो. त्याने मागच्या महिन्यात रंधा मागितला, पैसे देऊन. बाबा म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

आता थोडं विज्ञान, कारण गाथेतली उपमा त्यानेच नीट कळते. लोखंड आपलं आपण गंजत नाही, त्याला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग घेतो, आणि मुंबईचा जुलै त्याच्या कितीतरी वर असतो. हाताच्या घामातलं मीठ त्यात भर घालतं. ओलं गंध, हळदकुंकू, झेंडूची फुलं तशीच ठेवून पेटी बंद केली, तर पटाशीवर नेमके तिथेच डाग उठतात. (पूजा करू नका असं म्हणत नाहीये. पुसून ठेवा!)

गीतेत ३.३८ ला आरशावरच्या धुळीची उपमा आहे. धूळ पुसली की खाली आरसा अख्खा. गंजाचं तसं नाही. तो त्या लोखंडाचाच झालेला असतो. खरवडला तर तेवढं लोखंड कमी होतं. शिवाय तो भुसभुशीत, ओल धरून ठेवणारा, म्हणून त्याच्याखाली पुढचा गंज धरतो. धम्मपदाने लोखंडच निवडलं, ते मला फार अचूक वाटतं.

पण गंमत बघा, रोज वापरातल्या रंध्याचं पातंही झिजतं. दगडावर धार लावली की दर वेळी थोडं पोलाद जातंच. म्हणजे पातं दोन्हीकडे संपतंय. एकीकडे त्याचं कुणाचं तरी दार होतं, पाट होतो. दुसरीकडे पेटीच्या तळाशी तांबडी भुकटी.

२४१ मध्ये मग न करण्याचीच यादी येते: मंत्रांचा मळ म्हणजे पाठ न करणं, घराचा मळ म्हणजे डागडुजी न करणं. म्हणजे तिस्साच्या 'नुसतं ठेवलं' मध्ये 'नुसतं' असं काही नसतंच. ठेवायचं असेल तर ठेवणं हेही काम आहे. कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खायचं तेल नको, ते चिकट होतं. वर्तमानपत्रात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पेटी उघडा. आणि हे करायला जमणार नसेल, तर आजोबांची आठवण म्हणून आपण नक्की काय जपतोय, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

बाबांशी वाद घालायचा मात्र विचार नाही. बुद्धांनीसुद्धा चीवर हिसकावून घेऊ दिलं नव्हतं. अट्ठकथेप्रमाणे ती ऊ सातव्या दिवशी मेली, तुषित स्वर्गात गेली, आणि मग चीवर वाटलं गेलं. मधल्या दिवसांत तिला कुणी उपदेश केल्याचं गोष्टीत नाही.

तेलाची बाटली आणून ठेवलीये. येत्या रविवारी पेटी खाली काढतो आणि बाबांना सोबत बसायला सांगतो. रंध्याचा विषय मी काढणार नाही. त्या दादाला दिवाळीपर्यंत थांबशील का, एवढं विचारलंय. तो थांबतो म्हणालाय.