नदीचे मूळ, वेंटवर्थचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. सांगून गेले आणि जाताना कुलवृत्तांताची जाडजूड बाडे मागे ठेवून गेले. ही बाडे वाचताना एक गंमत लक्षात येते. मूळ पुरुष हटकून तेजस्वी असतो. कोणी दशग्रंथी, कोणी शूर, कोणी थेट देवीच्या दृष्टांताने गाव सोडून आलेला. सावकाराला चुकवून रातोरात गाव सोडलेला मूळ पुरुष माझ्या वाचनात अजून आलेला नाही. सगळ्यांचेच पूर्वज इतके सज्जन होते, तर सावकारांचे पैसे बुडवले कोणी, हा प्रश्न संपादक मंडळाला विचारायचा नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांची याबाबतीत फारच पंचाईत होती. आपण ज्या तारखेला झेंडावंदन करून जिलबी खातो, त्याच २६ जानेवारीला, १७८८ साली, इंग्रजांची अकरा जहाजांची पहिली तुकडी सिडनीला उतरली. त्यात मोठा भरणा शिक्षा झालेल्या कैद्यांचा. पुढे १८६८ पर्यंत असे सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी तिकडे धाडण्यात आले. म्हणजे मूळ पुरुष शोधायला निघावे, तर तो कोर्टाच्या दप्तरातच भेटायचा! मग कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आजोबांविषयी बोलणेच टाळले. अलीकडे मात्र वारा फिरला आहे. कैदी पूर्वज सापडला की आता तिथे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते.

माझ्या पुतणीने सिडनीतला मुलगा पसंत केला, तेव्हा आमच्या आक्काने फोनवरून पहिला प्रश्न टाकला, "घराणं कसं आहे गं?"

"आत्या, त्याच्या खापरपणजोबांनी चोरी केली होती. कोर्टाचा कागद आहे त्यांच्याकडे."

"आणि हे तो लोकांना सांगत फिरतो?"

"फिरतो कसला, फ्रेम करून लावलाय दिवाणखान्यात!"

आक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चला, निदान लपवत तरी नाहीत."

त्या निमित्ताने मी विल्यम चार्ल्स वेंटवर्थ या गृहस्थाच्या मागे लागलो. हा तिकडचा फार मोठा माणूस. १८१३ साली ज्या तिघा गोऱ्यांनी सिडनीमागचे निळे डोंगर ओलांडले, त्यांतला एक. १८२४ साली भागीदाराबरोबर तिथले पहिले स्वतंत्र वर्तमानपत्र काढणारा. १८५० साली सिडनी विद्यापीठ उभारण्यात पुढाकार घेणारा. मात्र हा जन्मला कधी आणि कोणाचा, या दोन साध्या प्रश्नांवर अभ्यासकांनी बरीच शाई सांडली आहे.

आई नक्की होती. कॅथरीन क्रॉली. कपडे चोरल्याबद्दल १७८८ साली तिला सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. वडील म्हणून नाव लागते ते डार्सी वेंटवर्थ या आयरिश डॉक्टरचे. या डॉक्टरवर लंडनला वाटमारीचे खटले झाले होते. दर वेळी सुटला. शेवटचा खटला डिसेंबर १७८९ मधला, आणि त्याच वेळी कोर्टाला सांगण्यात आले की हे महाशय आता स्वखुशीने ऑस्ट्रेलियाला निघाले आहेत. 'नेपच्यून' जहाजावर डॉक्टर आणि कॅथरीन दोघेही होते. जहाज जानेवारीत निघाले, जूनमध्ये पोचले, आणि ऑगस्ट १७९० मध्ये ती नॉरफोक बेटावर उतरली, तेव्हा तिच्याजवळ तान्हा विल्यम होता.

आता डिसेंबर ते ऑगस्ट मोजा बोटांवर. आपल्याकडच्या कुठल्याही आजीबाईने हा हिशेब बारशाच्या घुगऱ्या खाता खाता केला असता आणि "आठमाशी असेल हो" म्हणून पदराआड हसली असती. जुन्या पुस्तकांनी तर विल्यमचे जन्मसालच १७९३ देऊन टाकले होते. म्हणजे हिशेबच नको!

डार्सीने मात्र हिशेब केलाच नाही. कॅथरीनशी त्याने लग्न केले नाही, ही गोष्ट खरी. पण मुलाला आपले म्हटले, आपले नाव दिले, शिकायला विलायतेला पाठवले. रक्ताचा बाप असेल किंवा नसेल, पण बापाने करायचे ते त्याने केले. आपल्या गल्लीत रक्ताविषयी तिळमात्र शंका नसलेले आणि मुलगा कितवीत आहे हे ठाऊक नसलेले बाप काय थोडे आहेत? या दोघांत अस्सल कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे डार्सी सिडनीचा पोलीसप्रमुख झाला आणि १८१७ साली स्थापन झालेल्या बँकेच्या पहिल्या संचालकांत बसला. वाटमारीचा आरोप ज्याच्यावर, त्याच्याच हाती दंडुका आणि तिजोरीची किल्ली! आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

नवल वाटले ते मुलाला. १८१९ साली विल्यम लंडनला कायदा शिकत असताना, पार्लमेंटच्या एका सभासदाने छापलेल्या पुस्तिकेत डार्सीचा उल्लेख कैदी म्हणून आला. पोरगा तावातावाने जाब विचारायला गेला. शिक्षा झाली नव्हती, तेव्हा तेवढी दुरुस्ती करून मिळाली. पण खटले झाले होते, हे त्याला त्या गडबडीत कळले. वडिलांची बदनामी पुसायला जावे आणि वडिलांची नवीच ओळख घेऊन परत यावे!

हा सल त्याने जन्मभर बाळगला, आणि सलाने त्याच्याकडून दोन उलट गोष्टी करवून घेतल्या. एकीकडे शिक्षा भोगून सुटलेल्यांना इतरांसारखेच हक्क हवेत म्हणून तो भांडला. स्वतः लग्न केले तेही कैदी आईबापांच्या मुलीशी. दुसरीकडे १८५३ साली त्यानेच वसाहतीत वंशपरंपरागत सरदार असावेत अशी टूम काढली. डॅनियल डेनिही नावाच्या एका वक्त्याने या सरदारांना 'बनयिप' म्हटले. बनयिप म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांच्या कथांतला पाणवठ्यावरचा राक्षस, कोणी न पाहिलेला. लोक हसले आणि सरदारकी बारगळली.

मला त्या हसणाऱ्यांत सामील व्हावेसे वाटते आणि होववतही नाही. ज्याला लहानपणी 'कोणाचा रे तू?' हा प्रश्न बोचला, तो मोठेपणी एक तर तो प्रश्नच मोडून टाकतो, नाहीतर त्याचे छापील उत्तर मिळवायला धडपडतो. वेंटवर्थने दोन्ही केले, इतकेच.

पण मुळात पूर्वजांचा अभिमान बाळगावा का? गणित सोपे आहे. दर पिढीला दुप्पट धरले, तर दहा पिढ्या मागे आपले एक हजार चोवीस पूर्वज होतात. त्यातल्या एक हजार तेवीस जणांना गाळून एकाच्याच नावाने मिशीला पीळ द्यायचा, याला इतिहास म्हणत नाहीत, निवडणूक म्हणतात. आणि अभिमान घ्यायचा तर लाजही घ्यायला हवी. वाड्यात हिस्सा मागायचा आणि वाड्यावरच्या कर्जाकडे बोट दाखवून "ते आजोबांचं" म्हणायचे, हे चालायचे नाही.

इथे मला त्या दिवाणखान्यातल्या फ्रेमची आठवण होते. चोरीचा कागद भिंतीवर लावणे आता सोपे आहे, कारण चोरलेल्या मालाचे पुढे काय झाले ते कोणी विचारत नाही. निळ्या डोंगरांतून गंडनगारा आणि धरुग लोक हजारो वर्षे ये-जा करीत होते. वेंटवर्थ आणि मंडळींनी ते 'पार' केले, आणि पलीकडची कुरणे गोऱ्यांना खुली झाली. ही जमीन आधी कोणाचीच नव्हती, ही समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली माबो खटल्यात मोडीत काढली. कपड्यांच्या चोरीला सात वर्षे हद्दपारी. जमीन गेली तिचा कागद मात्र मालकीहक्काचा!

आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलणार? कुलवृत्तांतात 'अमुक गाव इनाम मिळाला' असे ठसठशीत छापलेले असते. त्या गावात आधी कोण कसत होते, इनामानंतर कोणाच्या पाठीवर किती ओझे वाढले, हे परिशिष्टातसुद्धा नसते. म्हणून मला वाटते, पूर्वज कोणाच्या पोटी जन्मला हे एकवेळ नाही सापडले तरी चालेल. तो कोणाच्या ताटातले जेवला आणि त्यातले आपल्या ताटात काय आले, एवढे शोधले तरी पुरे.

राहिली ती कॅथरीन. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाला त्याची आई जाबाला स्पष्ट सांगते, की तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू माझे नाव लाव. पोरगा गुरूसमोर तेच सांगतो, आणि खरे बोलला एवढ्यावर गुरू त्याला पदरात घेतो. वेंटवर्थच्या सगळ्या गोंधळात कोणाचाही वाद नाही अशी एकच गोष्ट आहे: त्याची आई. ती १८०० साली वारली, तेव्हा तो अवघा नऊ-दहा वर्षांचा होता. आज त्या देशात वेंटवर्थ नावाचे गाव आहे, धबधबा आहे, मतदारसंघ आहे. ज्या बापाविषयी शंका, त्याचे नाव नकाशावर तीन ठिकाणी. आणि जिच्याविषयी शंकाच नाही, ती कपड्यांच्या खटल्यात.